सगळ्यांचा आकडा सहा

फिलोमिना क्रिच इस्पितळात माफी मागायला गेली, ही बातमी गल कोव्ह ह्या बेटावरच्या गावात पहिल्या दिवशी कुणी खरी धरलीच नाही. "माफी? कुणाची तरी गचांडी धरायला गेली असेल," पोस्टातली बाई म्हणाली. तिचंही काही चुकलं नाही. खेकड्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं उभ्याने काम केलेल्या फिलने गचांडी धरलेली गावाने पाहिली होती. मान खाली घातलेली कुणीच पाहिली नव्हती.

तिची शाळा आठवीत सुटली, कारण मासळी साफ करायला घरात हात कमी पडत होते. पण युनियनच्या कामासाठी कामगार कायद्याचं पुस्तक तिने एका हाताने पीठ मळत आणि दुसऱ्या हाताने पानं उलटत पाठ केलं होतं. त्या पुस्तकाच्या प्रत्येक पानावर पिठाचं बोट होतं. मॅनेजर तोंड उघडायच्या आत ती कलमाचा नंबर सांगायची. गाव तिला फिल मावशी म्हणायचं, ऑफिसातले लोक "ती बाई" म्हणायचे, आणि दोन्ही नावं तिला सारखीच आवडायची.

अभिमानाची गोष्ट तिच्याजवळ एकच होती, आणि ती कुणी विचारलं नाही तरी सांगायची. ट्रेची.

उकडलेल्या खेकड्याचा पाय स्टीलच्या कडेवर आपटायचा, आतलं मांस झटक्याने बाहेर काढायचं, ट्रे भरायचा आणि पुढे ढकलायचा, हे काम. दिवसातून हजार वेळा खांद्याला तोच झटका. एका वर्षी नवा मॅनेजर आला आणि त्याने भिंतीवर फळा टांगला. प्रत्येकीचं नाव आणि पुढे तिचे ट्रे. शुक्रवारी ज्या तिघींचे ट्रे सगळ्यांत कमी, त्या घरी. पहिल्याच शुक्रवारी घरी गेली त्यातली एक सात महिन्यांची गरोदर होती. सोमवारी फिलने भराभर हात चालणाऱ्या बायकांना सांगितलं, "तुमचा दर तिसरा ट्रे डावीकडचीकडे सरकवा."

"का गं?"

"मी सांगते म्हणून."

पुढच्या शुक्रवारी फळ्यावर चाळीस नावं, आणि चाळीसही नावांपुढे एकच आकडा. मॅनेजरने तीनदा मोजलं. चौथ्यांदा मोजायला लागला तेव्हा लाइनच्या दुसऱ्या टोकाकडून कुणीतरी म्हणालं, "साहेब, बोटं कमी पडत असतील तर आमची घ्या." तीन आठवड्यांत फळा उतरला.

"एकटीचा आकडा म्हणजे एकटीची मान," फिल तेव्हापासून म्हणायची. "आकडे सारखे ठेवा, म्हणजे सुरी कुणावर चालवायची ते त्यांना कळत नाही."

ह्याच शहाणपणाने पुढे तिला तोंडावर पाडलं.

खांदा गेला तेव्हा ती अठ्ठावन्न वर्षांची होती. उजव्या खांद्यातला स्नायू हाडापासून फाटला होता. नुकसानभरपाई मंडळाच्या डॉक्टरने आधी वय झालं म्हणून सांगितलं, मग झोपताना कूस चुकत असेल म्हणून. फिलने त्याला कूस कशी बदलतात ते दाखवायची तयारी दर्शवली, तेव्हा कुठे त्याने सही केली. हाडांचा सर्जन राजधानीहून दोन महिन्यांतून एक आठवडा यायचा. उपसागराच्या टोकाशी असलेल्या छोट्या इस्पितळात त्या आठवड्यात खांदे, गुडघे, मनगटं अशी रांग लागायची. खेकड्याचा हंगाम एप्रिलपासून, म्हणून कारखान्यातल्या बायका जानेवारीचाच आठवडा मागून घ्यायच्या. त्या जानेवारीत एकाच मंगळवारी चार खांदे होते. फिलचा, लिओना पार्डीचा, आणि एफी व ट्रीसा ह्या बार्न्स बहिणींचा.

पाचवा खांदा डल्सी पेडलचा असायला हवा होता. डल्सी सव्वीस वर्षं फिलच्या डाव्या हाताला उभी राहिलेली. तिचा खांदा फिलपेक्षा वाईट होता, आणि वर खेकड्याचा दमा. उकडत्या खेकड्यांची वाफ वर्षानुवर्षं छातीत गेली की काहींना तो धरतो. डल्सीला असा धरला होता की चर्चच्या पायऱ्या चढताना ती दोनदा थांबायची आणि थांबण्याचं निमित्त म्हणून समुद्राकडे बघायची. तिचं नाव यादीत नव्हतं. "पुढच्या खेपेला म्हणालेत," एवढंच तिने सांगितलं. फिलने मनात मंडळाला शिव्या घातल्या आणि पुढे विचारलं नाही.

ऑपरेशनच्या आधी मोइरा टोबिन नावाची नर्स कागद घेऊन आली. तिशीतली, शेजारच्याच खाडीतली पोर. इस्पितळात एक चाचणी चालू होती, ती तिचं काम बघायची.

"मावशी, ऑपरेशननंतरचं दुखणं कमी करायला डॉक्टर ब्रिग्ज खांद्याच्या पात्याजवळ एक सुई देतात," मोइरा म्हणाली. "तिथली एक नस काही तास झोपवायची. अर्ध्या लोकांना सुईतून खरं औषध मिळणार, अर्ध्यांना नुसतं सलाईन. कुणाला काय, ते कंप्यूटर ठरवणार. तुम्हाला कळणार नाही, मला नाही, डॉक्टरांनाही नाही. औषध भरणाऱ्या फार्मासिस्टला तेवढं ठाऊक."

"म्हणजे मला नुसतं मिठाचं पाणी टोचणार? ते तर मी रोज पिते, ह्या खाडीचं."

"दुखलं तर गोळ्या आहेतच, सगळ्यांना. तीस गोळ्यांची बाटली. हव्या तेवढ्या घ्यायच्या, उरलेल्या परत आणायच्या. आणि ही वही. तीन दिवस, दिवसातून चार वेळा, दुखण्याचा आकडा लिहायचा. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहन होत नाही."

"ही वही कोण बघणार?"

"फक्त चाचणीवाले."

"मंडळवालेही असंच म्हणतात," फिल म्हणाली. पण तिने सही केली. कागद सात पानांचे होते. धोका काय, मध्येच बाहेर पडता येतं का, नाव गुप्त राहणार का, हे तिने बोट ठेवून वाचलं. चौथ्या पानावर मथळा होता, 'ही चाचणी आम्ही का करत आहोत'. फिलने मनात म्हटलं, हे त्यांचं पाल्हाळ. आणि पान उलटलं.

"आणि मावशी," जाता जाता मोइरा म्हणाली, "आपसात बोलू नका. कुणाला किती दुखतंय ते एकमेकींना विचारू नका."

गल कोव्हमध्ये एकीच्या घरी किटली शिट्टी वाजवायच्या आत दुसरीच्या घरी कप निघतात. तिथे हे सांगणं म्हणजे समुद्राला भरती आणू नकोस म्हणण्यातला प्रकार.

बुधवारी दुपारी चौघीही डल्सीच्या स्वयंपाकघरात होत्या. चौघींचे उजवे हात गळ्यात बांधलेले. डल्सी डाव्या हाताने तव्यावर पावाच्या पिठाचे गोळे थापून डुकराच्या चरबीत तळत होती आणि वर काकवी ओतत होती. टीनच्या दुधाचा चहा प्रत्येकीपुढे होता.

फिल बरी होती. दुखत होतं, पण हंगामातल्या शनिवारी दुखतं तितकंच. तिने एकच गोळी घेतली होती. एफी आणि ट्रीसा आळीपाळीने कण्हत होत्या आणि आळीपाळीने खात होत्या. लिओनाच्या तोंडाचा रंग मात्र राखेसारखा झाला होता. तिने चहाला हात लावला नव्हता.

"कितीवर आहेस?" फिलने विचारलं.

"नऊ," लिओना म्हणाली. "सकाळी दहा होते. गोळ्या घेतल्या की डोकं फिरतं, दुखणं तिथंच."

"मी तीन."

फिलला एकदम लाज वाटली. आपल्या नशिबी औषध आलं आणि लिओनाच्या नशिबी पाणी, हे तिला त्या टेबलावर लख्ख दिसलं, आणि तिला ते सोसेना. नशीब म्हणजे तिच्या लेखी मॅनेजरचाच भाऊ.

"नीट ऐका," ती म्हणाली. "मी तीन लिहिले तर मंडळ म्हणणार, बाई ठणठणीत आहे, एप्रिलात उभी करा लाइनवर. लिओनाने नऊ लिहिले तर म्हणणार, नाटकी आहे. मधला काढा. सगळ्यांनी सहा."

"मला पाच आहेत," एफी म्हणाली.

"एकाने काय मरतेस? सहा लिही."

"मला खरंच नऊ आहेत गं, फिल," लिओना म्हणाली.

"ठाऊक आहे, बाय माझी. म्हणूनच."

डल्सी तव्याकडून वळली. तिला धाप लागली होती. "फिल, हे ट्रे नाहीत हं."

"तू तळ," फिल म्हणाली.

तीन दिवस, दिवसातून चार वेळा, चार वह्यांमध्ये सहा पडले. ट्रीसाने एकदा चुकून सात लिहिला होता, तो खोडून सहा केला.

गोळ्यांच्या बाबतीत मात्र कुणी काही सारखं केलं नाही. त्या नशा आणणाऱ्या गोळ्यांनी बेटावरची पुष्कळ पोरं खाल्ली होती. एफी-ट्रीसाचा भाचा त्यातलाच. उरलेली गोळी घरात ठेवायची नाही, दुसऱ्याला द्यायची नाही, मोजून परत करायची, ह्यात गल कोव्हमध्ये कुणी गंमत करत नसे. टाके काढायच्या दिवशी चौघींनी बाटल्या मोइराच्या टेबलावर ठेवल्या. फिलच्या बाटलीत सत्तावीस होत्या, लिओनाच्या बाटलीत चार.

मोइराने वह्या बघितल्या, बाटल्या बघितल्या, आणि फिलला तेवढं मागे थांबायला सांगितलं.

"मावशी, एक विचारू? रागावू नका."

"ते विचारल्यावर ठरेल."

"माझी आई पण लाइनवर होती. पलीकडच्या कारखान्यात. तुमच्या ट्रेची गोष्ट मी लहानपणापासून ऐकतेय." मोइराने वही बंद केली. "तुम्ही आकडे सारखे केलेत ना?"

फिलचा पारा चढला. ती उठून उभी राहिली. "पाळत ठेवता काय आमच्यावर? आम्ही माणसं आहोत की तुमच्या बरणीतले खेकडे? सुई टोचून घेतली, वही भरली, गोळ्या परत आणल्या, आता आमच्या दुखण्यावरही तुमची सही पाहिजे? अगं, कोणाला किती दुखावं हे कंप्यूटरने ठरवलं, आणि ते वाटून घेतलं तर आम्ही चोर?"

बाहेर बाकावर बसलेले लोक दाराकडे वळून बघायला लागले. मोइरा आवाज न चढवता बसून राहिली. ह्या पोरीला ओरडा खाण्याची सवय होती.

"चोर नाही म्हटलं," ती म्हणाली. "पण मावशी, औषध मिळालेल्याला सहा आणि पाणी मिळालेल्याला सहा, म्हणजे औषध आणि पाणी एकच. मी हे पुढे असंच पाठवलं तर ते म्हणतील, ही सुई काही कामाची नाही. बंद करा."

"मग करू देत बंद. आम्ही जुन्या सुयांवर जगलो नाही का?"

"चौथं पान वाचलंत?"

आयुष्यभर जिने दुसऱ्यांना वाचल्याशिवाय सही करू नका म्हणून दम भरला, तिला हा प्रश्न कुणी केला नव्हता.

गाडीत बसून तिने आपल्या प्रतीतलं चौथं पान वाचलं. भाषा जड होती, पण कलमांवर वाढलेल्या बाईला जड भाषेचं काय. खांद्यासाठी जुनी सुई मानेत देतात. ती दुखणं चांगलं घालवते, पण शेजारची एक नस तिच्यासोबत झोपते आणि त्या बाजूचा श्वासाचा पडदा काही तास हलत नाही. धडधाकट माणसाला ते कळतही नाही. छाती अधू असलेल्याला ते झेपत नाही. भारी गोळ्यांनीही श्वास मंदावतो, म्हणून त्याही नाहीत. अशा रुग्णांचं ऑपरेशनच टाळलं जातं. पात्याजवळची सुई श्वासाला हात लावत नाही. पण तिने दुखणं खरोखर कमी होतं का, हे आधी छाती ठीक असलेल्या लोकांवर बघायला हवं. तसं दिसलं, तर दमेकऱ्यांना ती देता येईल.

फिलने डाव्या हाताने इंजिन चालू केलं आणि घरी न जाता डल्सीकडे गेली. कागद तिच्यापुढे आपटला.

"हे तुझ्याबद्दल आहे."

डल्सीने चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला. "हो."

"तुला ठाऊक होतं?"

"डॉक्टर ब्रिग्जनी सांगितलं होतं. म्हणाले, मिसेस पेडल, आज मी तुम्हाला झोपवलं तर उठवायची खात्री नाही. ही चाचणी पार पडू दे. माझ्यापाशी दाखवायला काहीतरी हवं, मग सर्जनला मी गप्प करतो."

"आणि तू मला म्हणालीस, पुढच्या खेपेला!"

"काय सांगू मग? सगळ्या गावाला सांगू, की मला नीट श्वास पण घेता येत नाही?"

"मी गाव आहे का?"

"तू गावाचा भोंगा आहेस," डल्सी म्हणाली आणि हसायला गेली. हसण्याचा खोकला झाला, आणि खोकला थांबेपर्यंत फिलला टेबलाची कड धरून उभं राहावं लागलं. डल्सीचा उजवा हात मांडीवर पडला होता. दोन वर्षं तो तसाच पडलेला असायचा. फिलला तो रोज दिसायचा, आणि रोज दिसतं म्हणून तिने तो बघणं सोडलं होतं.

"त्या दिवशी म्हणाले ना तुला, हे ट्रे नाहीत."

"नीट सांगायचंस!"

"तू ऐकतेस कधी?"

फिलने कागद उचलून घडी घातली.

माफी मागण्याचं काम तिने युनियनच्या कामासारखंच केलं. यादी करून. आधी बार्न्स बहिणी. एफी म्हणाली, "मला पाच होते, मी तेव्हाच म्हटलं होतं," आणि हे वाक्य ती पुढे सहा महिने म्हणत राहिली. मग लिओना. लिओनाने दार उघडलं, ऐकून घेतलं, "बरं," म्हणाली आणि दार लावलं. फिलला शिवी चालली असती. त्या "बरं"ने ती इतकी हबकली की घरापर्यंत चालत आली आणि मग लक्षात आलं की गाडी लिओनाच्या दारात राहिली.

शेवटी इस्पितळ. भूल देणारे डॉक्टर ब्रिग्ज नायजेरियाच्या दक्षिणेकडच्या खाड्यांमधले होते. तिथेही लोक मासळीवर जगतात. गल कोव्हमध्ये अकरा वर्षं काढूनही त्यांना थंडी सोसत नसे. ते ऑफिसात कोट घालूनच बसायचे.

फिल खुर्चीत बसली नाही. "चारी वह्यांमधले आकडे खोटे आहेत," ती म्हणाली. "बायकांचा दोष नाही. मी लिहायला लावले. माझं चुकलं. खरे आकडे मी विचारून आणलेत, ह्या कागदावर आहेत."

डॉक्टरांनी कागद वाचला आणि परत दिला. "हे घेता येणार नाहीत, मिसेस क्रिच. आठवणीतलं दुखणं वहीत नाही घालता येत."

"मग खोडा जुने."

"तेही नाही. लिहिलेलं राहणार. शेजारी आम्ही लिहू, की हे आपसात ठरवून लिहिलेत. चौघींच्या वह्या हिशेबात बाजूला पडतील. गोळ्या मात्र राहतील. त्या खऱ्या आहेत." ते खुर्चीत मागे टेकले. "बसा ना. मला एक सांगा, का केलंत?"

फिलने मंडळाचं सांगितलं. एप्रिल सांगितला. फळ्याचं सांगितलं. फळ्याचं सांगताना ती खुर्चीत बसली, आणि मॅनेजरच्या बोटांचा किस्सा आला तेव्हा डॉक्टर इतके हसले की मोइराने दारातून डोकावून पाहिलं.

हसून झाल्यावर त्यांनी कोट अंगाभोवती ओढून घेतला. "ही चाचणी चार इस्पितळांत चालू आहे," ते म्हणाले. "खाणीवाले आहेत, लाकूडतोडे आहेत. सगळ्यांच्या मागे कुठलं ना कुठलं मंडळ आहे. तुम्ही आलात म्हणून मला कळलं. न येणारे किती असतील?"

फिल ओरडा ऐकायच्या तयारीने गेली होती. ओरडणाऱ्याला काय उत्तर द्यायचं ते तिला येत होतं. ह्या माणसाने तिला प्रश्न विचारला, आणि उत्तराची वाट बघितली. साहेबाच्या टेबलापुढे असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. बाहेर आल्यावर गाडीत ती थोडी रडली. नंतर डोळे पुसत गाडीच्या काचेलाच म्हणाली, "बर्फाची चमक लागली डोळ्यांना."

आठवड्याने मोइराचा फोन आला. चाचणीचे कागद नव्याने लिहायचे ठरलं होतं. रुग्णांच्या हाती द्यायच्या आधी मावशी वाचतील का?

"लाल पेन्सिल माझी की तुमची?" फिलने विचारलं.

तिने सातही पानं रक्तबंबाळ करून पाठवली. चौथं पान पहिलं करा, असं वरच मोठ्या अक्षरात लिहिलं. वहीच्या पहिल्या पानावर एक वाक्य घाला म्हणाली, आणि ते तिने सांगितलं तसंच छापलं गेलं: 'ही वही मंडळाला, मालकाला किंवा तुमच्या नवऱ्याला दाखवली जाणार नाही.' चाचणीचे कागद तपासणाऱ्या वरच्या समितीने नवऱ्याबद्दल शंका काढली. फिलने कळवलं, की समितीत किती बायका आहेत ते आधी सांगा. नवरा राहिला.

पुढे दर ऑपरेशनच्या आठवड्यात ती इस्पितळाच्या बाकावर जाऊन बसू लागली. मोइराने ओळख करून द्यायची, आणि फिलने दम भरायचा. "आपलं दुखणं आपण लिहायचं. शेजारणीला विचारायचं नाही. कमी लिहून शूर व्हायचं नाही, जास्त लिहून हुशार व्हायचं नाही. मी एकदा शहाणपणा केलाय, आता ती जागा भरली." म्हातारे कोळी तिच्यासमोर मान डोलवायचे. त्यांना मरताना विचारलं तरी "बरं आहे" म्हणायची सवय. त्यांच्याकडून खरा आकडा काढणं म्हणजे गोठलेल्या दोरीची गाठ सोडवणं. फिलला ते जमायचं. "बरं आहे म्हणजे किती? अंगठ्यावर बोटीचा नांगर पडल्याइतकं बरं, की बायकोने टाकल्याइतकं?"

दोन वर्षं लागली. त्या काळात डल्सीची छाती वाईटच झाली. फिल दर रविवारी तिच्या घरी जाऊन तिचे केस धुऊन द्यायची. चाचणी फसली तर त्यातला वाटा आपला, हे ती कुणाला बोलून दाखवत नव्हती. डल्सीही दाखवत नव्हती, आणि त्याबद्दल फिल तिची मनातून फार ऋणी होती.

निकाल सांगायला डॉक्टर ब्रिग्ज स्वतः चर्चच्या सभागृहात आले, कोट घालून. सगळं गाव जमलं होतं, कारण चहा होता. पात्याजवळची सुई मिळालेल्यांनी पहिल्या दिवशी जवळजवळ निम्म्या गोळ्या घेतल्या होत्या, आणि त्यांना झोप लागली होती. दुसऱ्या दिवसानंतर दोन्हीकडे सारखंच. "जादू नाही," डॉक्टर म्हणाले. "पण पहिला दिवसच श्वासाला धोक्याचा असतो. तो जिंकला की मला पुरे."

मग प्रत्येकाला बंद पाकीट मिळालं. तुमच्या सुईत काय होतं, ते आत.

लिओनाला सलाईन. त्याबद्दल कुणाला शंका नव्हती. एफी आणि ट्रीसाला औषध. फिलने आपलं पाकीट उघडलं, वाचलं, आणि मोइराला हाक मारली.

"ए पोरी, हे चुकलंय. ह्यात सलाईन लिहिलंय."

"बरोबर आहे, मावशी."

"मला तीन होते!"

"होते ना. होतं असं कुणाकुणाला. म्हणून तर एकेकटीवरून काही ठरवत नाहीत. ढीगभर माणसं लागतात."

डल्सी खुर्चीत हसून हसून वाकली. "दोन वर्षं ही बाई नशीबवान म्हणून लाजत फिरली! अगं, तुझ्या खांद्यात नस आहे की बोटीचा दोर?"

फिल पण हसली. पण घरी जाऊन तिला करमेना. लिओनाचंच मनात येत राहिलं. औषध मिळालं त्यांना बरं वाटलं, त्यांनी डॉक्टरांचे आभार मानले. पण हे औषध आहे हे कळलं कशावरून? लिओनाने राखेच्या तोंडाने दोन दिवस काढले आणि सव्वीस गोळ्या गिळल्या, त्यावरून. तिच्यासारखी पन्नास-साठ माणसं चार गावांत कण्हत पडली, त्यावरून. त्यांचं नाव सभागृहात कुणी घेतलं नव्हतं. फिलनेही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ताजा पाव आणि बेरीच्या मुरंब्याची बरणी घेऊन लिओनाच्या दारात उभी राहिली. ह्या वेळी लिओनाने तिला आत घेतलं.

"पुन्हा माफी असेल तर नको," लिओना म्हणाली. "माझ्याकडे पहिलीच पडून आहे."

"माफी नाही. आभार."

"कसले?"

"दुखणं अंगावर घेतलंस त्याचे."

लिओना पाव कापायची थांबली. "ते काय मी मुद्दाम केलं? कंप्यूटरने केलं."

"सही तू केलीस. कुणाला काय येईल ते ठाऊक नसताना केलीस. आणि गोळ्या मोजून परत आणल्यास. तेवढंच खरं होतं आपल्यातलं, आणि तेच धरलं त्यांनी." फिलने बरणीचं झाकण उघडलं. "मी तुला सहा लिहायला लावलं नसतं, तर तुझे नऊही धरले असते."

"हो," लिओना म्हणाली. तिने सुरी पुन्हा पावावर चालवली. "मला राग आला होता तुझा. नऊ माझे होते. तेवढंच होतं माझ्याकडे त्या दिवशी."

"ठाऊक आहे."

"मुरंबा गोड झालाय."

"साखर जास्त पडली. बस, खा."

डल्सीचं ऑपरेशन मार्चमध्ये झालं. सुई डॉक्टर ब्रिग्जनी दिली, पात्याजवळची, आणि ह्या खेपेला सुईत काय आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. फिल बाहेर बाकावर बसली. एरवी ती दुसऱ्यांना दम भरायची तो हाच बाक. दहाच्या सुमाराला लिओना आली आणि न विचारता शेजारी बसली.

दुपारी दोघींना आत सोडलं. डल्सीच्या बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा लावला होता, आणि पडद्यावर श्वासाची रेघ चढत होती, उतरत होती. मोइराने आकडा बघितला, समाधानाने मान डोलवली आणि बाहेर गेली. दोघीजणी पलंगाच्या दोन्ही अंगांना बसून ती रेघ बघत राहिल्या.

बऱ्याच वेळाने डल्सीने डोळे उघडले. "मेले का मी?"

"मेली असतीस तर मी इतकी गप्प बसले असते?" फिल म्हणाली.

डल्सीने मान वळवली, तिला लिओना दिसली. "लिओना," ती म्हणाली, "तुझ्या त्या दोन दिवसांचं मी काय..."

"बोलू नकोस," लिओना म्हणाली. "श्वास घे."

डल्सीने घेतला.